पादोवाचा बाजार: बघायला नको, घ्यायला जा

प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या मध्यात आई-बाबांना घेऊन इटलीला जातोय. दोघंही सत्तरीपुढचे आणि पक्के शाकाहारी. व्हेनिसची हॉटेलं परवडत नाहीत, म्हणून जवळच्या पादोवात तीन रात्री मुक्काम. शनिवारी दुपारी पोचायचं, मंगळवारी दुपारी निघायचं. रविवारी पादोवा आणि सोमवारी व्हेनिस असा बेत आहे. तिथला जुना छपराखालचा बाजार खरंच जाण्याजोगा आहे का, किती वेळ ठेवावा, मांस-मच्छीमुळे आई-बाबांचं मन विटेल का, आणि घरी आणण्यासारखं काय मिळेल?

आधी बेत बदला, बाकीचं मग बोलू. रविवारी तो बाजार बंद असतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पुण्यातून ग्रुप घेऊन इटलीला जायला लागलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी अठ्ठावीस माणसांना रविवारी सकाळी तिथे नेऊन उभं केलं होतं. "आता बघा, आठशे वर्षांचा बाजार" म्हणालो आणि समोर सगळी शटरं खाली. एक काका शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे लक्ष्मी रोडही सोमवारी बंद असतो हो, पण आम्ही पाहुण्यांना सोमवारी नेत नाही." वीस वर्षं होत आली, अजून ते वाक्य कानात आहे.

तेव्हा असं करा. शनिवारी पोचल्यावर सामान टाका आणि पाच वाजेपर्यंत चौकात या. आठवड्यात भाजीचे ठेले दीड-दोनच्या सुमारास आवरतात, शनिवारी मात्र संध्याकाळपर्यंत चालतात. त्या दिवशी नुसता अंदाज घ्या. रविवारी व्हेनिस. सोमवारी स्क्रोवेन्यी चॅपल, म्हणजे जोत्तो या जुन्या चित्रकाराच्या भित्तिचित्रांचं प्रार्थनाघर, आणि संत अंतोनीची बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च. आणि मंगळवारी सकाळी साडेआठ-नऊला बाजार. मंगळवारच का, तर बाजाराच्या डोक्यावर जे सभागृह आहे ते सोमवारी बंद असतं, आणि माझं ठाम मत आहे की खालचा बाजार आणि वरचं सभागृह एकाच सकाळी पाहिलं तरच ती इमारत कळते. चॅपलचं तिकीट मात्र आत्ताच काढून ठेवा. ऐन वेळी मिळत नाही, आणि आत जेमतेम पंधरा मिनिटं सोडतात.

आता ती इमारत. नाव पलाझ्झो देल्ला राजोने. 'राजोने' म्हणजे इथे न्याय. 1218 साली बांधायला घेतली. वर न्यायालय, खाली दुकानं. तेव्हापासून वरचे न्यायाधीश गेले, राज्यं बदलली, व्हेनिस आलं, नेपोलियन आला, ऑस्ट्रिया आलं, खालचे दुकानदार मात्र तिथेच. गावातली माणसं इमारतीचं लांबलचक नाव घेत नाहीत. वरचं दालन ते 'सालोने', म्हणजे मोठा दिवाणखाना, आणि बाजार 'सोत्तो इल सालोने', म्हणजे सालोनेच्या खालचा. पत्ता विचारताना एवढं म्हटलं तरी पुरे. दोन्ही अंगांना दोन चौक आहेत: दक्षिणेला पियाझ्झा देल्ले एर्बे, म्हणजे भाजीचा, आणि उत्तरेला पियाझ्झा देल्ला फ्रुत्ता, म्हणजे फळांचा. आता दोन्हीकडे दोन्ही मिळतं, कपडे-चपलाही मिळतात.

फिरोझी टोप्या घातलेले ग्रुप येतात, छपराचा फोटो काढतात, दहा मिनिटांत निघून जातात. त्यांचं चुकतं असं मला वाटतं. लोखंड आणि काचेच्या सुंदर मंडया इटलीत बऱ्याच आहेत, फिरेंत्सेची, म्हणजे फ्लॉरेन्सची, सान लोरेन्झोची घ्या. तिथे मान वर करून बघण्यासारखं असतं. पादोवात बाजाराच्या पातळीवर मान वर करून काहीच दिसत नाही. ठेंगण्या कमानी, अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, काचेमागे चीज, हुकांना टांगलेली मांडी. खरी मजा माणसं व्यवहार कसा करतात त्यात आहे. म्हणून म्हणतो, पिशवी घेऊन जा. काहीतरी घ्यायचंच आहे असं ठरवून जा, शंभर ग्रॅम का होईना.

शंभर ग्रॅमवरून आठवलं, हे आधी पाठ करा. तिथला हिशेब किलोत कमी आणि 'एत्तो'त जास्त चालतो. एक एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. 'उन एत्तो' म्हणजे शंभर, 'दुए एत्ती' म्हणजे दोनशे. भाजी-फळांवरची पाटी बहुधा किलोची असते, पण चीज, सुकवलेले मशरूम, लोणच्यातले ऑलिव्ह यांच्या पाटीवर एत्तोचा भाव लिहिलेला असू शकतो. सुकलेल्या पोर्चीनी मशरूमचा भाव बघून "अरे, स्वस्त आहे की" असं वाटलं तर समजा की पाटी नीट वाचली नाही. आमच्यातल्या एका वहिनींनी हौसेने बोटाने 'एक' दाखवला, दुकानदाराने किलो समजून पोतडी भरायला घेतली, आणि काट्यावरचा आकडा बघून वहिनींचा चेहरा उतरला. तो हसला, सगळं परत ओतलं, एक एत्तो बांधून दिलं. न बोलता बोट दाखवू नका, 'उन एत्तो' म्हणा.

दुसरं, हात लावायचा नाही. आपल्याकडे टोमॅटो दाबून, भेंडीचं टोक मोडून, कलिंगडावर टिचकी मारून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. तिथे ठेल्यावरचं फळ गिऱ्हाइकाने उचललं तर विक्रेता ओरडतो, आणि खरंच ओरडतो. आईंना हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा, नाहीतर सकाळी वाईट वाटेल. तुम्ही सांगायचं, तो निवडून देणार. आज खायचंय की दोन दिवसांनी, एवढं सांगितलंत तर तो त्या बेताने पिकलेलं देतो. 'ओज्जी' म्हणजे आज, 'दोमानी' म्हणजे उद्या. एवढ्या दोन शब्दांवर मी इतकी वर्षं पीच खात आलो आहे आणि कच्चा एकदाच निघाला.

तिसरं, रांग. रांग दिसत नाही, पण असते. काही दुकानांत नंबराची चिठ्ठी काढायचं यंत्र असतं, ते नसेल तर येणारा माणूस मोठ्याने विचारतो, "कि ए लुल्तिमो?" म्हणजे शेवटचं कोण? कोणीतरी हात वर करतं, आणि मग त्याच्यानंतर तुम्ही. मध्ये घुसलात तर कोणी काही म्हणणार नाही, पण समोरची आजी जी काही बघेल त्यापेक्षा चार शब्द ऐकलेले बरे. घासाघीसही करू नका. शनिवारी संध्याकाळी ठेले आवरताना ते आपणहून भाव खाली आणतात.

व्यवहाराचं इतकं का सांगतोय, ते बाहेरच्या भिंतीकडे गेलात की कळेल. फळांच्या चौकाच्या बाजूला, सालोने आणि नगरपालिकेची इमारत यांना जोडणारी एक कमान आहे, वोल्तो देल्ला कोर्दा, म्हणजे दोरीची कमान. व्यवहारात लबाडी करणाऱ्यांना इथे दोरीची शिक्षा व्हायची, त्यावरून नाव पडलं. त्या कोपऱ्याला गावची बोली 'कान्तोन देल्ले बुझिए' म्हणते, खोटं बोलण्याचा कोपरा. तिथे थांबा आणि दगडात नजर घाला. पांढऱ्या दगडावर मापं कोरलेली आहेत. धान्याचं माप, विटेचं, कौलाचं. मध्ययुगात प्रत्येक शहराचं माप वेगळं. पादोवाची वीट एवढी, पादोवाचं कौल एवढं, हे शहराने भिंतीत कोरून ठेवलं. संशय आला तर वीट उचला, दगडाला लावा, कमी भरली तर वर न्यायालय आहेच. नऊ-दहा वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपमध्ये निवृत्त वजनमापे निरीक्षक होते, ते त्या दगडासमोरून हलेनात. बाकीचे कॉफी पिऊन आले तरी ते तिथेच, बोटाने कोरीव रेघ चाचपत.

वरती जायचे चार जिने होते, आणि त्यांची नावं खाली काय विकलं जायचं त्यावरून पडली: लोखंडाचा जिना, पक्ष्यांचा जिना, वाइनचा जिना, भाजीचा जिना. पक्ष्यांच्या जिन्याला अजून बोलीभाषेत 'ओझेई'चा जिना म्हणतात. वकिलाकडे निघालेला माणूस कोंबड्यांच्या कलकलाटातून वर चढत असणार.

तिकीट काढून वर गेलात की पहिल्यांदा काही सुचत नाही. साधारण 80 मीटर लांब, 27 मीटर रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही. छप्पर उलट्या नावेसारखं. 1306 साली फ्रा जोवान्नी नावाच्या साधूने ते चढवलं. 1420 च्या आगीत ते गेलं आणि त्यासोबत जोत्तोने काढलेली चित्रंही गेली. पुन्हा बांधलं, तर 1756 च्या वावटळीने उचकटलं. पुन्हा बांधलं. आता भिंतींवर जी चित्रं आहेत ती 1420 नंतरची, तीनशेच्या वर चौकटी, आणि विषय आहे ज्योतिष. बारा महिने, बारा राशी, ग्रह, आणि कोणत्या ग्रहाखाली जन्मलेला माणूस काय धंदा करतो. बाबांना पत्रिकेची आवड असेल तर त्यांना तासभर विसरा. मेष, वृषभ, मिथुन ओळखायला भाषा लागत नाही. 2021 साली शहरातल्या चौदाव्या शतकातल्या भित्तिचित्रांना युनेस्कोचा दर्जा मिळाला, त्यात ही इमारतही आहे. एका टोकाला 1466 चा एक प्रचंड लाकडी घोडा उभा आहे, त्याच्यापुढे सगळेच फोटो काढतात, तुम्हीही काढालच.

पण माझ्या मते वरची खरी वस्तू कोपऱ्यातला एक काळा दगड. ठेंगणा, पाटासारखा सपाट माथा असलेला. पिएत्रा देल वितुपेरियो, बेअब्रूचा दगड. ज्याचं दिवाळं वाजलं त्याला शंभर माणसांसमोर अंगरखा आणि आतल्या चड्डीवर इथे आणायचे. त्याने तीन वेळा दगडावर बूड आपटायचं आणि प्रत्येक वेळी म्हणायचं, 'चेदो बोनिस', माझी मालमत्ता सोडली. मग गाव सोडायचं. परत आलाच तर पुन्हा तोच सोहळा, वर तीन बादल्या पाणी. ऐकून क्रूर वाटतं, पण ही सवलत होती. त्याआधी कर्जबुडव्याला आयुष्यभर तुरुंगात सडवायचे. 1231 साली, मरणाच्या काही महिने आधी, संत अंतोनीने खटपट करून नियम बदलून घेतला की ज्याने सगळं देऊन टाकलं त्याला कोंडायचं नाही. वसईची आणि गोव्याची मंडळी ज्याची बॅसिलिका बघायला मुद्दाम पादोवाला येतात तोच हा संत. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून त्याला नवस बोलतात हे त्यांना माहीत असतं, कर्जदारांची बाजू त्याने घेतली होती हे सांगितलं की चकित होतात. इटालियनमध्ये कफल्लक झालेल्याला आजही 'कापडी चड्डीवर राहिला' म्हणतात, आणि पादोवाची माणसं ठासून सांगतात की ते या दगडावरून आलं. आपण लंगोटी लावायची वेळ आली म्हणतो, तसंच.

खाली बाजार, वर न्यायालय, भिंतीत माप. म्हणून आजही तिथे दुकानदार काटा तुमच्याकडे वळवून ठेवतो तेव्हा मला ते साधं वाटत नाही.

आता आई-बाबा. स्पष्ट सांगतो, सालोनेच्या खालच्या गल्लीत खाटकांची आणि मांसाची दुकानं बरीच आहेत. सशासकट सगळं उघड मांडलेलं. घोड्याचं मांस हा तर पादोवाचा खास पदार्थ. वास फारसा नसतो, सगळं थंड काचेमागे असतं, पण दिसतं. माझ्या अनुभवात सत्तरीतली माणसं आपल्या अंदाजापेक्षा खंबीर असतात, तरी आईंना नको वाटलं तर त्यांना भाजीच्या चौकात ठेवा आणि चीज-पास्त्याच्या दुकानापुरतं आत न्या. चौकात कॉफीच्या दुकानांच्या खुर्च्या आहेत. खुर्चीवर बसून प्याल तर कॉफी महाग, काउंटरशी उभं राहून स्वस्त, पण सत्तरीतल्या गुडघ्यांसाठी ते दोन युरो खुशाल द्या.

एक धोका मात्र नक्की ध्यानात ठेवा, स्फिलाच्ची. बारीक, कोरडे, लालसर तंतू, काश्मिरी मिरची किसून ठेवल्यासारखे किंवा जाडसर केशरासारखे दिसतात. सॅलडवर, पिझ्झावर भुरभुरतात. ते वाळवलेलं घोड्याचं मांस असतं. दिसायला इतकं निरुपद्रवी की शाकाहारी माणूस बेलाशक खाऊन टाकतो. लाल तंतू दिसले की आधी विचारा.

चीजचंही तसंच. पार्मिजानो आणि ग्राना पादानो या दोन्हींत वासराच्या पोटातलं विरजण असतं, ही चीजं त्याशिवाय बनतच नाहीत. आई-बाबांना ते चालत नसेल तर 'काल्यो वेजेताले' विचारा, म्हणजे वनस्पतीचं विरजण. एखादं दुकानदार नक्की काढून देतो. चालत असेल तर जवळच्या डोंगरातलं आझियागो घ्या, कोवळं आणि मुरलेलं दोन्ही चाखून. चाखायला मागायला लाजू नका, सुरीच्या टोकावर पातळ काप पुढे येतो. मग "बस्ता कोझी?" विचारेल, म्हणजे एवढं पुरे का, तेव्हा सुरी चीजवर टेकवलेली असते. अलीकडे-पलीकडे हाताने दाखवा, त्यासाठी भाषा लागत नाही.

ऑक्टोबर हा या बाजाराचा उत्तम महिना. खडबडीत, चामखिळी असल्यासारखा हिरवा-करडा लाल भोपळा दिसेल, तो किओज्जाचा. चेस्टनट, मशरूम, शेंगांतले ताजे राजमे, डाळिंबं. रादिक्कियो नावाची जांभळी-लाल कडू पालेभाजी असेल. त्रेव्हिझोचा लांब, वळलेल्या बोटांसारखा उशिराचा प्रकार तेव्हा आलेला नसतो. तो थंडी पडल्यावर शेतातून मुळासकट उपटून, अंधारात वाहत्या झऱ्याच्या पाण्यात काही आठवडे उभा ठेवतात, मग बाहेरची पानं सोलून आतला गाभा विकतात. इतके कष्ट असल्यामुळे भावही तसाच. तुम्हाला लवकर येणारा प्रकार मिळेल, मेथी-कारलं खाणाऱ्या माणसाला तो कडूपणा अजिबात जड जात नाही. हॉटेलात स्वयंपाकघर असेल तर कापून, तव्यावर ऑलिव्ह तेलात मीठ घालून परता. पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलंच म्हणा, त्यासोबत झकास लागतं. पोलेंताचं पीठ पिशवीत सुटं मिळतं, पिवळं आणि पांढरं.

घरी आणायला सुकवलेले मशरूम, पोलेंताचं पीठ, पास्ता, आणि मुरलेलं चीज हवाबंद पिशवीत. 'सोत्तोवुओतो' म्हटलं की दुकानदार यंत्रात घालून हवा काढून देतो. मांस आणू नका, बियाणं तर अजिबात नको, विमानतळावर उगाच कटकट.

वेळ किती, याचं उत्तर: बाजार आणि चौक मिळून दीड तास, वरचं सभागृह तास. साडेअकरापर्यंत मोकळे व्हाल, मग सामान उचलून स्टेशन. ट्राम चौकाच्या जवळून जाते, आई-बाबांना चालवू नका. शनिवारी संध्याकाळी मात्र थोडं रेंगाळा. ठेले उठतात, पाणी मारून फरश्या धुतात, आणि ज्या जागी सकाळी फ्लॉवर होता तिथे टेबलं मांडून विद्यार्थी नारिंगी स्प्रिट्झ पीत बसतात. त्यातलं आपेरोल नावाचं मद्य 1919 साली याच गावात बाजारात आलं. फळांच्या चौकात एका ठेल्याभोवती गर्दी दिसेल, ती उकडलेल्या छोट्या ऑक्टोपसची, तिथून आईंना जरा लांबून न्या.

राहिली एक गोष्ट. भाजीच्या चौकात ऑक्टोबरात 'जुज्जोले' लिहिलेली पाटी शोधा. तांबूस, सुरकुतायला लागलेली छोटी फळं, इटालियन कवी पेट्रार्क जिथे 1374 साली वारला त्या आर्क्वा गावच्या टेकड्यांतून येतात. ती बोरं आहेत. आपल्याकडच्या बोराची चुलत बहीण म्हणा, आंबटपणा कमी, चव थोडी खजुराकडे झुकणारी. बाबांना काही न सांगता एक हातात द्या, ते काय म्हणतात बघा, आणि मग दुए एत्ती घ्या.